डायलवरचा लाल ठिपका

भाई,

तुमचा कॅमेरा माझ्यासमोर मेजावर आहे. लेन्सच्या आत बुरशीची जाळी धरली आहे, एका कोपऱ्यात चामडं सुटलं आहे आणि मागचं झाकण आता दाबून धरल्याशिवाय बसत नाही. पण शटरच्या डायलवर, साठच्या आकड्याशेजारी लावलेला लाल ठिपका जसाच्या तसा आहे. नखांना लावायच्या रंगाचा ठिपका इतकी वर्षं टिकेल असं लावताना वाटलं नव्हतं. तुम्ही गेलात तेव्हा माझा मुलगा भिंतीला धरून चालत होता. आता त्याची बायको मला कॅमेऱ्यातलं काही काही विचारते. तिच्यामुळेच हा कॅमेरा कपाटातून बाहेर आला आणि तिच्यामुळेच मी लिहायला बसले आहे.

सुनेचं माहेर केरीचं. तिच्या भावाने घराच्या वरच्या मजल्यावर पाहुण्यांसाठी दोन खोल्या काढल्या आहेत. जनेलातून समुद्र दिसतो, आणि मान जरा वळवली तर नदीपलीकडचा तेरेखोलचा किल्लाही. गेल्या रविवारी ती मला बरोबर घेऊन गेली, कारण खोल्यांचे फोटो काही केल्या जमत नव्हते. "आई, समुद्र नीट आला की खोली काळी पडते, आणि खोली दिसली की जनेलात नुसतं पांढरं," ती म्हणाली. मी तिला तुमचंच सांगितलं. खोलीला फ्लॅश द्यायचा, आणि तो किती पडू द्यायचा ते ऍपर्चरने ठरवायचं. बाहेरच्या उन्हापर्यंत फ्लॅश पोचत नाही, त्याला शटरने आवरायचं. शटर जेवढं जलद, समुद्र तेवढा गडद. एकाच फोटोत दोन उजेड असतात आणि दोघांना वेगवेगळं सांभाळावं लागतं. ती शटर वाढवत गेली. साठ, सव्वाशे, दोनशे. मग थांबली. "ह्याच्या वर जातच नाही हो. फ्लॅश लावला असला की कॅमेराच जाऊ देत नाही." तिने चकती पुन्हा पुन्हा फिरवून दाखवली. आकडा दोनशेवर हटून बसला होता.

मी त्या आकड्याकडे बघत राहिले. तिला वाटलं मला चक्कर आली; तिने घाईघाईने कदेल ओढून मला बसवलं. आता कॅमेराच माणसाला ती चूक करू देत नाही, भाई. याचं बरं वाटावं की वाईट, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

सातवीनंतर माझी शाळा सुटली तेव्हा तुम्ही मला डिचोलीच्या स्टुडिओत बोलावून घेतलंत. मुळगावात आपली घरं एकाच वाड्यावर, त्यामुळे आमच्या घरी कोणी हरकत घेतली नाही. तुम्हांला मुलगीच हवी होती. चुडा भरायच्या खोलीत पुरुष फोटोग्राफरला उंबऱ्याबाहेर थांबावं लागतं, आणि उंबऱ्यावरून मारलेला फ्लॅश नवरीपर्यंत पोचतो तेव्हा मधल्या सगळ्या बायकांच्या पाठी उजळून निघतात. मुलगी वायर लावलेला फ्लॅश घेऊन आत गेली की काम होतं. एवढ्यासाठी ठेवलेल्या मुलीला तुम्ही रोल धुवायला शिकवलं, प्रिंट काढायला शिकवलं, वाचनालयाचं कार्ड काढून दिलं. कॅमेऱ्याबरोबर आलेलं इंग्रजी पुस्तक आणि एक जाडा शब्दकोश माझ्यापुढे ठेवून म्हणालात, "रोज एक पान. समजला नाय तर माका इचार. माका पण समजला नाय तर दोघांय मिळून गप बसूया." आज मी जे काही वाचते ते त्या पानांमुळे.

शटरचं पान मात्र शब्दकोशाने उलगडलं नाही. मग तुम्ही घरून वयनींच्या, तुमच्या बायकोच्या, दोन जुन्या साड्या आणल्यात आणि मागच्या खोलीच्या जनेलावर एकाच दोरीवर चढवल्यात. अजून डोळ्यांपुढे आहे. वयनी डबा घेऊन आल्या आहेत आणि तुम्ही त्यांना जनेलाबाहेर उभं करता आहात. "ही न्हवरी," तुम्ही म्हणता. वयनी बाहेरून ओरडतात, "ह्या वयात माका न्हवरी करतास? लोक बघतत!" पहिली साडी माझ्या हातात. ती जनेल झाकून आहे. मी ती धरून उजवीकडे धावते आणि जनेल उघडतं. दुसरी साडी तुमच्या हातात. तुम्ही माझ्यामागून त्याच दिशेने येऊन जनेल झाकता. कॅमेऱ्याच्या पोटात असेच दोन पडदे असतात. शटर साठवर, म्हणजे सेकंदाच्या साठाव्या हिश्श्यावर असलं की पहिला पडदा पलीकडे पोचतो आणि दुसरा अजून निघालेला नसतो. तेवढ्या एका क्षणात जनेल सताड उघडं असतं, पूर्ण वयनी दिसतात, आणि फ्लॅश नेमका त्याच क्षणी उडतो. मग तुम्ही म्हणता, "आता अडीचशे." मी धावते, आणि मी अर्ध्यात पोचते न पोचते तोच तुम्ही माझ्या टाचेला टाच लावून येता. जनेल पूर्ण असं उघडतच नाही. दोन साड्यांमधली एक फट तेवढी पळत जाते. "आता माका सांग, वयनी केवढी दिसली?" मी म्हणते, "एक कान आणि कुडी." बाहेरून वयनी, "तेवढीच आसंय मी तुमका!"

उन्हात त्या फटीने काही बिघडत नाही, कारण ऊन थांबून असतं. फट सरकत सरकत सगळीकडचं ऊन गोळा करते. फ्लॅश मात्र थांबत नाही. डोळ्यांना तो मोठा वाटला तरी सेकंदाच्या हजाराव्या हिश्श्यात तो येऊन गेलेला असतो. त्या वेळी फट जिथे असेल तेवढीच पट्टी उजळते, बाकी सगळं पडद्याआड. तुम्ही लग्न लावणाऱ्या भटजीचं उदाहरण दिलं होतं. अंतरपाट दूर होण्याआधी कोणी हार घालत नाही ना? फ्लॅशचंही तसंच.

पन्नाशीनंतर तुम्हांला जवळचे आकडे दिसेनासे झाले. चाळिशीचा चष्मा लावून कॅमेऱ्याला डोळा भिडवता येत नव्हता आणि चष्मा काढला की डायलवरचं पुसट झालेलं साठ दिसत नव्हतं. म्हणून आपली ती रीत पडली. मी तुमच्या उजव्या खांद्याशी फ्लॅश उंच धरून उभी राहायची आणि महत्त्वाच्या फोटोआधी तुम्ही डोळा न काढता विचारायचात, "बाय, साठ?" मी डायलकडे बघून म्हणायची, "साठ, भाई." एकदा मी सवयीने, न बघताच म्हटलं होतं. आकडा साठच होता, तरी तुम्ही कॅमेरा खाली घेतलात आणि भर मांडवात म्हणालात, "बगून सांग. तोंडान नको सांगू, डोळ्यांनी सांग. माझे डोळे तू." नवरीच्या मैत्रिणी फिदीफिदी हसल्या होत्या. त्या दिवशी मी जेवले नाही. पण नंतर कधी न बघता बोलले नाही.

दुसरा नियम रोलचा. गिऱ्हाइकाच्या रोलवरची एकही चौकट आपली नव्हे. कॅमेरा हाताळायला, रिकामा चालवायला तुमची कधी ना नव्हती. पण लग्नाला निघालेला रोल म्हणजे त्या घरचं देणं, असं तुम्ही म्हणायचात.

पेडण्याकडचं ते लग्न देवळात होतं. सकाळी देवळाला लागून असलेल्या अग्रशाळेच्या खोलीत चुडा भरला, अकरा फोटो झाले. काळ्यापांढऱ्या फिल्मवरचे, कारण मुहूर्त तुम्ही रंगीत रोलवर सोडत नव्हता; जो रोल आपण आपल्या हाताने धुतो त्याच्यावरच मुहूर्त, असं तुमचं. मग तुम्ही भटजींबरोबर चहाला गेलात आणि कॅमेरा माझ्या गळ्यात. तेवढ्यात वऱ्हाड आलं. सावंतवाडीकडचं वऱ्हाड, आणि आलं खाणीवरच्या ट्रकातून. धुऊन पुसून, आत सतरंज्या अंथरून आणलेला ट्रक, तरी उतरणाऱ्या बायकांच्या साड्यांच्या काठाला लाल माती लागली होती आणि त्या ड्रायव्हरला शिव्या घालत होत्या. ड्रायव्हर हसत होता. सगळे आत गेल्यावर त्याने देवळाच्या तळीतून बादली आणली आणि ट्रकच्या काचेवर पाणी फेकलं. पहिल्यांदा फेकलं तेव्हा मी नुसती बघत होते. त्याने बादली दुसऱ्यांदा उचलली तेव्हा माझं बोट डायलवर होतं. पाण्याचे थेंब हवेत धरायचे तर अडीचशे, हे तुम्हीच शिकवलेलं. मी डायल फिरवला आणि दाबलं. बारावी चौकट. "काय गो," तो म्हणाला, "फोटो काढलंस? कॉपी कोणाक मागूची?" मी पळत देवळात शिरले.

पुढचं तुम्हांला ठाऊक आहे, फक्त एवढंच ठाऊक नव्हतं. मी डायल साठवर आणायला विसरले. सभामंडपात गर्दी, चौघड्याचा आवाज, धूर. तुम्ही घाईने माझ्या गळ्यातून कॅमेरा घेतलात, आणि त्या गडबडीत तुम्ही विचारलंही नाही. मुहूर्ताचे, हार घालतानाचे, लाजाहोमाचे, तेराव्या चौकटीपासून सगळे फोटो अडीचशेवर निघाले. मला आठवलं ते परतीच्या बसमध्ये. कॅमेरा मांडीवरच्या पिशवीत होता. तुम्ही पुढच्या सीटवर डुलक्या घेत होता. मी पिशवीत हात घालून अंदाजाने, चाचपून डायल साठवर आणला. तो खटखट आवाज मला पूर्ण बसने ऐकल्यासारखा वाटला.

दुसऱ्या दिवशी रोल मीच धुतला. ओल्या फिल्मवर अकरापर्यंत सगळं स्वच्छ. बारावीत तो माणूस, बादली, आणि हवेत लटकलेलं पाणी. तेरापासून प्रत्येक चौकटीच्या एका कडेला चित्राची पट्टी आणि बाकी कोरी फिल्म, म्हणजे प्रिंटवर काळोख. तुम्ही नेगेटिव्ह सहा-सहाच्या पट्ट्यांत कापायचात. बारावी चौकट दुसऱ्या पट्टीच्या अगदी टोकाला येत होती. तुम्ही यायच्या आधी मी पट्ट्या कापून ठेवल्या आणि ती चौकट वेगळी करून ब्लाउजमध्ये सरकवली. तुम्ही काचेवर पट्ट्या लावल्यात. तुमचं लक्ष आधी त्या पाचाच्या पट्टीवर गेलं. "ही पाचाचीच कशी गो?" "टोकाला पाण्याचा डाग पडला होता, भाई. फेकला." तुम्ही मान हलवलीत, आणि मग पुढच्या पट्ट्यांकडे बघितलंत. मी स्टोव्हवर चहा ठेवला. तो उकळून आटला.

नवरीची आई प्रिंट न्यायला स्टुडिओत आली. तुम्ही खोटं सांगितलं नाही, कॅमेऱ्यावर ढकललं नाही. एकेक प्रिंट समोर ठेवलीत. सगळ्यांत नवरा उजळलेला, आणि त्याच्या समोर जिथे मुलगी असायला हवी तिथे काळं. कॅमेरा उभा धरून काढलेल्यांत नुसते पाय आणि पाट. त्या बाई फोटो डोळ्यांजवळ नेऊन बघत होत्या, जणू आत कुठे तरी ती सापडेल. "माझां चेडू खंय गेलां, भाई? न्हवरो एकलोच उभो आसा. तुमी अर्धांच लगीन काढलास." मग हुंदका आवरून म्हणाल्या, "शुभकार्यात असां काळां येवचां नाय." तुम्ही हात जोडून उभे होता. मी तुमच्या मागे, जिथे नेहमी असायची तिथेच.

तीन दिवस खपून तुम्ही एक फोटो जोडलात. चुडा भरतानाच्या फोटोतली नवरी बारीक कात्रीने कापली, हाराच्या फोटोतल्या नवऱ्यासमोर चिकटवली, कडा पेन्सिलीने भरल्या आणि त्याचा पुन्हा फोटो घेतला. मी डिंक लावून देत होते. तुमचं कपाळ माझ्या कपाळाजवळ होतं, तुमच्या श्वासाचा आवाज येत होता, आणि प्रत्येक श्वासाला मला वाटत होतं, आता सांगते. पण फोटोतली नवरी खाली हाताकडे बघत होती, कारण त्या वेळी तिला बांगड्या चढवत होते. तिच्या आईने तो फोटो हातात घेतला आणि म्हणाली, "ही खंय बगता? न्हवऱ्याक सोडून बांगड्यो मोजता काय?" शेजारच्या दुकानातली माणसं हसली. फोटो न घेताच त्या गेल्या. महिन्याभरात बाजारात तुमचं नाव 'अर्धां लगीन' पडलं. तुम्ही उंडे आणायला गेलात तरी बेकरीवाला विचारायचा, "भाई, पुरे देऊं की अर्धे?" तुम्हीही हसायचात. मग हळूहळू सकाळी बाजारात जायचं सोडलंत.

कॅमेरा तुम्ही म्हापशाला दाखवून आणलात. तो माणूस म्हणाला शटरमध्ये काही दोष नाही. त्या दिवशी तुम्ही परत आलात तो चेहरा मला विसरता येत नाही. दोष निघाला असता तर तुम्ही सुटला असता. टेबलावर कॅमेरा ठेवून म्हणालात, "मग माझोच हात, बाय. कधी फिरवलंय तां माकाच ठावक नाय. हात आता माका इचारीत नाय." आणि मग लहान मुलासारखं विचारलंत, "तुझ्याकडे तां नखांचां लाल आसा मा? दे बगू." मी बाटली आणली. आकडा दिसेना म्हणून तुम्ही ती मलाच परत दिलीत. साठच्या शेजारी मी ठिपका लावला. तुम्ही फुंकर घातलीत. "आता आंधळ्याकसुद्धां दिसतलां," म्हणालात, आणि तुम्हांला खरंच बरं वाटलेलं दिसलं.

पण त्या ठिपक्याचा उपयोग तुम्हांला झाला नाही. त्यानंतर कोणाचं लग्न आलं की तुम्ही म्हणायचात, "तू जा. माका स्टुडिओ बरो." तुम्ही पासपोर्टचे फोटो काढत बसलात, जिथे काही हलत नाही आणि चूक झाली तर माणूस समोरच बसलेला असतो. लग्नं मी केली. डिचोलीतली, पेडण्यातली, साखळीकडचीही. लोक म्हणायचे, भाईंनी पोरगी तयार केली हो. ज्या चुकीने तुमचा हात गेला तिनेच माझा हात चालू झाला, आणि मी ते कौतुक मान खाली घालून घेत होते. त्याला ते विनय समजायचे.

ट्रकवाला कॉपी मागायला आला, हेही तुम्हांला ठाऊक आहे. फक्त कसली कॉपी ते नव्हतं. त्याच्याशी माझं लग्न झालं तेव्हा तुम्ही पुढे बसला होता. फोटो काढायला दुसऱ्या गावचा माणूस बोलावला होता, आणि प्रत्येक फ्लॅशला तुमचे ओठ हलत होते ते मी हारांआडून बघत होते. साठ, साठ, साठ. नंतर वयनींनी मला ओटी भरून दिली आणि तुम्ही हा कॅमेरा दिलात, कातडी पिशवीसकट. "ठिपको पुसू नको," एवढंच म्हणालात.

नवऱ्याला मी सगळं सांगितलं होतं. म्हणजे जेवढं वर लिहिलं तेवढं. तो आधी हसला, "म्हणजे तुझ्या भाईक मी बुडवलंय!" आणि मग गंभीर होऊन म्हणाला, "सांगून टाक गे. म्हाताऱ्याक झोप लागात." मी दर वेळी म्हणायची, चतुर्थीला जाईन तेव्हा सांगते. चतुर्थी झाली की शिगमा.

शेवटी तुम्ही अंथरुणाला खिळलात तेव्हा मी मुलाला कडेवर घेऊन मुळगावात आले. दुपारची वेळ, वयनी स्वयंपाकघरात तुमच्यासाठी पेज गाळत होत्या. मला बघून त्या आतूनच म्हणाल्या, "बस गो त्यांच्याकडे. तुझीच आठवण काढतत." तुमच्या खाटेशेजारी जनेल होतं आणि त्याला त्या दोन साड्यांपैकी एकीचा अर्धा तुकडा लावलेला होता. तुम्ही मुलाचं बोट धरलंत. बराच वेळ इकडचं तिकडचं बोललात. मग म्हणालात, "बाय, एक इचारू? त्या लग्नात मी तुका इचारलंय काय गो, साठ म्हणान? माका सारखां वाटता, मी इचारलंय. तुझो आवाज पण आयकू येता."

मी म्हटलं, "नाही, भाई. त्या दिवशी विचारलं नाहीत."

तुम्ही डोळे मिटलेत. "तसांच असतलां," म्हणालात. "मगे माझीच चूक." वयनी पेजेची वाटी घेऊन आल्या आणि आम्ही दोघींनी तुम्हांला उठवून बसवलं.

माझा नवरा जाऊन आता नऊ वर्षं होतील. विधवा बाईने मुहूर्ताच्या पुढे कॅमेरा घेऊन उभं राहणं लोकांना नको असतं. तोंडावर कोणी बोललं नाही, बोलावणी तेवढी थांबली. मला त्याचं फार वाटलं नाही. तुम्ही जिथे बसायचात त्या स्टुलावर बसून मीही चार वर्षं पासपोर्टचे फोटो काढले आणि मग ते कामही मोबाइलने घेतलं. नवऱ्याचा भिंतीवर लावलेला फोटो बारावी चौकट मोठी करून केला आहे. दुसरा एवढा चांगला फोटो त्याचा नाहीच. सगळ्यांच्या घरी गेलेली माणसं गळाबंद कोट घालून समोर बघत असतात; आमच्याकडे तो हसतो आहे आणि त्याच्यापुढे पाणी हवेत थांबलं आहे. येणारा प्रत्येक जण विचारतो, कोणी काढला? मी म्हणते, भाईंनी. लोक म्हणतात, काय हात होता माणसाचा. इतकी वर्षं मला वाटत आलं की यातून तुमचं थोडं तुम्हांला परत देते आहे.

आज सुनेने तोच प्रश्न विचारला. केरीहून आल्यापासून तिच्या मनात शटर घोळतं आहे. फोटोसमोर उभी राहून म्हणाली, "हे थेंब असे यायला अडीचशे तरी असणार, ना? कोणी काढला हा?" माझ्या तोंडात "भाईंनी" आलं आणि मी ते म्हटलंही. मग ती स्वयंपाकघरात गेली, आणि मी कॅमेरा काढून हे लिहायला बसले.

हा कागद कुठे जायचा नाही. मुळगावचं तुमचं घर बंद आहे, वयनीही गेल्या. घडी करून कॅमेऱ्याच्या पिशवीत ठेवीन. पण आत्ता पहिल्यापासून वाचून बघितलं, तर वर एका जागी मी लिहिलं आहे की मी विसरले, की गडबडीत तुम्ही विचारलं नाही, की मला बसमध्ये आठवलं. हेच मी नवऱ्याला सांगितलं, हेच तुम्हांला खाटेवर सांगितलं, आणि आज तुम्हांला लिहितानाही हातातून तेच उतरलं.

मंगलाष्टकं चालू होती. अंतरपाट वर होता. तो ट्रकवाला पलीकडे खांबाला टेकून माझ्याकडे बघत होता. तुम्ही कॅमेऱ्याला डोळा लावलात आणि विचारलंत, "बाय, साठ?" मी डायलकडे बघितलं. अडीचशे होतं. हात पुढे करून फिरवायला वेळ होता, अजून दोन मंगलाष्टकं व्हायची होती. पण तुम्ही कॅमेरा खाली घेतला असता, भर मंडपात विचारलं असतं की कोणी फिरवला, कशाला फिरवला, आणि त्याने ते ऐकलं असतं. तुमचा आवाज खरा होता, भाई, आणि माझाही तुम्हांला आठवत होता तो खराच होता. मी नीट बघितलं, आणि म्हटलं, "साठ, भाई."